डाव्या सीटवरचं वजन

कल्याणी हत्तुरेनं गाडीचे टायर निवडायला तीन रविवार घेतले.

"माझ्याशी लग्न करायचं हे तू एका संध्याकाळी ठरवलंस," तिचा नवरा प्रसाद म्हणाला, "आणि रबरासाठी तीन आठवडे?"

"लग्नाला लिटर लागत नव्हते," ती म्हणाली.

इंधनमर्यादा लागू होऊन तेव्हा दुसरं वर्ष चाललं होतं. एका घराला महिन्याला चाळीस लिटर पेट्रोल, घरातल्या सगळ्या गाड्या धरून. तेवढे संपले की पंपावर कितीही विनवण्या केल्या तरी नळी उघडायची नाही. बॅटरीच्या गाडीसाठी त्यांनी नाव नोंदवलं होतं, पण नंबर यायला दीड वर्ष होतं. तोवर नऊ वर्षांची जुनी गाडीच चालवायची होती. प्रसाद ठिबक सिंचनाच्या नळ्या विकायचा आणि त्यासाठी सोलापूर जिल्हाभर हिंडायचा. कंपनी थोडं पेट्रोल द्यायची, बाकीचं घरच्या कार्डातून जायचं. कार्ड कल्याणीच्या नावावर होतं. ती टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायची. टॉवेलचा तुकडा काट्यावर ठेवायचा, चौरस मीटरला किती ग्रॅम भरतो ते बघायचं, कमी भरला तर अख्खा गठ्ठा परत पाठवायचा. घरातले लिटरही ती तशाच काटेकोरपणे बघायची.

होटगी रस्त्यावर युसुफचाचा तांबोळींचं टायरचं दुकान होतं. तिसऱ्या रविवारी त्यांनी तिला नुकत्याच लांबून आलेल्या एका गाडीच्या टायरला हात लावायला सांगितलं. तिनं लावला आणि पटकन काढून घेतला.

"चटका बसला ना? ते पेट्रोल आहे ताई," चाचा म्हणाले. "इंजिन पेट्रोल खातं ते सगळ्यांना दिसतं. टायर खातो ते दिसत नाही."

मग त्यांनी नीट समजावलं. टायर जमिनीला टेकतो तिथे गाडीच्या ओझ्यानं चपटा होतो. चाक फिरलं की तो भाग सुटतो, पुन्हा गोल होतो, आणि पुढचा भाग चपटा होतो. मिनिटाला शेकडो वेळा रबर असं दबतं आणि फुलतं. दबताना जेवढी ताकद लागते, तेवढी सगळी फुलताना परत मिळत नाही. थोडी रबराच्या आतच अडकते आणि उष्णता होऊन जाते. चाकांपर्यंत पोचलेल्या ताकदीचा चौथा-पाचवा हिस्सा असा वाया जातो. हवा कमी असली की टायर जास्त चपटा होतो, जास्त खातो. हवा जास्त भरली तर खाणं कमी होतं, पण पकड सुटते आणि ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. म्हणजे प्रत्येक ओझ्याला एक नेमकी हवा असते, आणि ओझं तर रोज बदलतं.

'समभार' नावाच्या नव्या टायरनं हाच प्रश्न सोडवला होता. त्याच्या रबरात केसासारखे बारीक धागे विणलेले होते. धागा ताणला गेला की त्यात किंचित वीज तयार व्हायची. ताण जास्त तर वीज जास्त. त्यावरून प्रत्येक चाकाला आपल्यावरचं ओझं कळायचं, आणि रिमच्या आतला एक चिमुकला पंप त्या ओझ्यापुरती हवा कमीजास्त करायचा. चारही चाकांचे आकडे एकत्र केले की ओझं गाडीत नेमकं कुठे आहे तेही निघायचं. पुढे की मागे, डावीकडे की उजवीकडे.

"आणि ते सगळं फोनवर येतं," चाचा म्हणाले. "डिकीत उगाच काही पडलं असलं तर सांगतो, काढा म्हणून."

"गाडी कुठं गेली ते पण?"

"नाही. ते कायद्यानं बंद आहे. फक्त दिवस, वेळ आणि ओझं."

लिटरमागे दोन किलोमीटर जास्त मिळणार होते. कल्याणीनं तेच टायर घेतले आणि आपला नंबर दिला. प्रसाद तेव्हा समोरच्या टपरीवर चहा पीत उभा होता. टायर कसा चालतो हे त्यानं विचारलं नाही, आणि सांगायचं तिच्याही मनात आलं नाही.

*

जानेवारी चांगला गेला. महिनाअखेर कार्डावर साडेतीन लिटर उरले, आणि तिनं सहा वर्षांच्या ओवीला अक्कलकोटला नेऊन आणलं. फेब्रुवारीत मात्र चोवीस तारखेलाच कार्ड रिकामं झालं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं फोनवर सविस्तर अहवाल उघडला. आतापर्यंत तिनं फक्त वरची ओळ वाचली होती. खाली सगळे प्रवास होते. चालकाची सीट चौऱ्याहत्तर किलो, तो प्रसाद. मागच्या बाजूला नळ्यांची भेंडोळी, कधी तीस किलो, कधी साठ. आणि दर बुधवारी एक ओळ वेगळी होती.

'पुढील डावी सीट: ५२.४ किलो. सकाळी ९.५० ते १०.३०.'

त्याच दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तेवढंच वजन पुन्हा गाडीत बसलं होतं आणि चाळीस मिनिटांनी उतरलं होतं. पुढच्या बुधवारी तसंच. त्याच्या पुढच्याही.

प्रसादबरोबर कामाला कुणी नसायचं.

त्या संध्याकाळी ती भाकऱ्या थापत होती आणि तो ओवीची वेणी घालत होता. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "बुधवारी कुणीकडं असतोस रे तू हल्ली?"

"मोहोळकडं," तो म्हणाला. "डाळिंबवाले आहेत ना तिथं."

"एकटाच?"

"मग? कोण येतंय माझ्याबरोबर उन्हात!"

तो वेणीकडे बघत बोलत होता. ओवीची वेणी तोवर बांधून झाली होती.

कुणी काही लपवलं की कल्याणीच्या आत काहीतरी घट्ट मिटायचं. त्याला कारण होतं. ओवीच्या वेळी ती सातव्या महिन्यात होती तेव्हा वैरागला तिचे वडील आजारी पडले. तीन आठवडे दवाखान्यात होते. तिची आई महानंदा रोज फोनवर म्हणायची, "सगळं बरं आहे, तू जप." कल्याणीला बातमी कळली तेव्हा वडिलांची माती होऊन गेली होती. पोटातल्या बाळाला धक्का बसू नये म्हणून आईनं हे केलं, हे सगळ्यांनी तिला समजावलं. तिला ते समजलंही. पण वडिलांचं तोंड बघायला मिळालं नाही ते नाहीच. तेराव्या दिवशी ती वैरागहून निघाली ती पुन्हा गेली नाही. आईचे फोन आले, तिनं घेतले नाहीत. पुढे ते यायचे थांबले.

म्हणून तिनं प्रसादला दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारलं की माणूस बरं वाटावं असं काहीतरी सांगतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आकडा तसं करत नाही.

ती युसुफचाचांकडे गेली. "चाचा, टायर वजन सांगतो ते किती खरं असतं?"

"माणूस अर्धा तास बसला तर अर्ध्या किलोचा फरक, जास्त नाही. चाक हजारो वेळा फिरतं ना, तेवढ्या वेळा मोजून सरासरी काढतं." चाचांनी हात पुसले आणि तिच्याकडे जरा निरखून बघितलं. "ताई, एक सांगू? गाडीपुरतंच बघा हे. परवा एक जण आला होता, बायको कुठं जाते बघायला. मी त्याला म्हटलं, मी टायर विकतो."

"मी पेट्रोलसाठीच विचारतेय," कल्याणी म्हणाली.

*

मार्चमध्ये ते वजन कमी होऊ लागलं.

५१.६. मग ५०.७. मग ४९. कल्याणी दर बुधवारी दुपारी कारखान्याच्या जिन्यात उभी राहून आकडा बघायची. बारीक होतेय ती, तिला वाटलं. माझ्या नवऱ्यासाठी बारीक होतेय. तिनं त्या बाईला एक चेहरा दिला, केस दिले, डाळिंबी रंगाचा एक ड्रेस दिला. स्वतः तिनं रात्रीची भाकरी सोडली.

"जेवत का नाहीस?" प्रसादनं विचारलं.

"भूक नाही."

"बरं नाही का तुला? दाखवून येऊ या?" त्याच्या आवाजात एवढी भीती होती की ती दचकली. पाप खातंय, तिनं मनात म्हटलं, आणि ताट उचललं.

तोही खरं तर खंगला होता. बुधवारी घरी आला की अंघोळ करून नुसता बसून राहायचा. एकदा ओवीचा अभ्यास घेता घेता त्याचे डोळे भरून आले आणि तो उठून बाल्कनीत गेला. कल्याणीनं ते पाहिलं. त्याचाही अर्थ तिनं आपल्या गोष्टीत बसवून टाकला.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी कारखान्यात मालमोजणी होती. ती दिवसभर तिकडे होती. सोमवारी तिनं अहवाल उघडला. शनिवारी दुपारी डाव्या सीटवर ४६.८ किलो होते. आणि मागच्या उजव्या सीटवर १९.२.

ओवी एकोणीस किलोची होती.

शाळेतून आल्यावर तिनं ओवीला जवळ घेतलं. "शनिवारी बाबांबरोबर कुठं गेली होतीस गं?"

ओवीनं मान खाली घातली आणि बुटाचं टोक फरशीवर घासलं. "सांगायचं नाही," ती म्हणाली.

कल्याणी तिच्यावर रागावली नाही. तिनं तिला दूध दिलं, टीव्ही लावून दिला, आणि आतल्या खोलीत जाऊन इंधन कार्डाचं पान उघडलं. घरातल्या कुठल्या गाडीला किती लिटर, ते कार्डधारकाला ठरवता यायचं. प्रसादची गाडी आणि त्याची मोटरसायकल, दोन्हींपुढे तिनं शून्य लिहिलं. पान विचारत होतं: 'नक्की?' तिनं 'हो' दाबलं.

मंगळवारी संध्याकाळी प्रसाद पंपावरून परत आला. "कार्ड चालेना."

"मी बंद केलंय."

"का?"

"माझं कार्ड आहे."

तो चप्पल न काढता तसाच दारात उभा राहिला. "कल्याणी, मला उद्या गाडी लागणार आहे."

"कशाला?"

"काम आहे."

"कुणाचं काम?"

त्यानं तोंड उघडलं. पुढे कितीतरी दिवस तिला तो क्षण दिसत राहिला. त्याचे ओठ हलले होते, काहीतरी अगदी जिभेवर आलं होतं, आणि त्यानं ते गिळलं.

"आत्ता विचारू नकोस," तो म्हणाला. "फक्त पाच लिटर दे. दोन महिने थांब, मी सगळं सांगतो तुला. शपथ."

"दोन महिने?" तिला हसूच आलं. "नाही."

तो बुधवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. अहवालात डावी सीट रिकामी होती. कल्याणीला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. ती रात्रीची भाकरी मात्र अजून खात नव्हती.

*

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी, टॉवेलचा तुकडा काट्यावर असताना, तिचा फोन वाजला. समभारचा निरोप होता.

'अभिनंदन! आपल्या गाडीच्या पुढील डाव्या सीटवरील भार ४६.८ वरून ३८.९ किलोवर आला आहे. कमी भार, कमी इंधन!'

म्हणजे पेट्रोल मिळवलं त्यानं कुठूनतरी. ती फोन खिशात टाकणार तोच तो पुन्हा वाजला. या वेळी प्रसाद होता.

"कल्याणी, मी बार्शीला आहे. दवाखान्यात. आईंना ॲडमिट केलंय."

प्रसादची आई जाऊन दहा वर्षं झाली होती.

"कुठल्या आईंना?"

"तुझ्या," तो म्हणाला.

तिनं फोन कानावरून काढला. काट्यावरचा तुकडा तसाच होता. तिनं फोनवरचा अहवाल पुन्हा उघडला आणि डाव्या सीटचे आकडे वरून खाली वाचले. बावन्न. एक्कावन्न. पन्नास. एकोणपन्नास. सत्तेचाळीस. अडतीस पूर्णांक नऊ. हे आकडे तिनं इतक्यांदा वाचले होते की तिला ते पाठ होते. दीड महिना तिची आई तिच्या डोळ्यांदेखत झिजत होती, आणि ती जिन्यात उभी राहून तिचा मत्सर करत होती.

गाडी प्रसादकडे होती. ओवीला शेजारी सोडून ती एसटीनं निघाली. बस वैरागच्या थांब्यावर थांबली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले.

*

प्रसाद वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला होता. ती त्याच्या शेजारी बसली नाही, समोर उभी राहिली.

"कधीपासून?"

"जानेवारीच्या शेवटी कळलं. पोटात होतं, पसरलेलं. त्यांनी मला फोन केला. दर बुधवारी केमोचं सलाईन घ्यायचं, बारा बुधवार. मी म्हटलं, कल्याणीला सांगतो. त्या म्हणाल्या, सांगितलंत तर मी दवाखान्याची पायरी चढणार नाही. त्यांनी मला ओवीची शपथ घ्यायला लावली."

"आणि तू घेतलीस."

"मग काय करू? मरू देऊ?"

एक परिचारिका ट्रॉली घेऊन त्यांच्या मधून गेली.

"पहिला बुधवार चुकला," तो म्हणाला. "कंपनीचं पेट्रोल संपलेलं, पुढचं अजून आलेलं नव्हतं. वैरागला भाड्याची गाडी मिळेना, सगळ्यांचेच लिटर संपलेले. दुसऱ्या बुधवारी मी त्यांना म्हटलं, थांबा, काहीतरी करतो. त्या थांबल्या नाहीत. एकट्या एसटीनं गेल्या. उभ्यानं. अंगात पांढऱ्या पेशी नाहीत, डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नका म्हणून सांगितलेलं. काल रात्रीपासून ताप. आज मी एका गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरमधून... नाही, ते डिझेल. काय बोलतोय मी. त्याच्या मोटरसायकलमधून तीन लिटर काढले."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कल्याणीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. तिचा हात उचलला गेला नाही.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तुझ्याबरोबर कुणीतरी आहे. टायर वजन सांगतो, सीटवरचं. मला दर बुधवारी दिसायचं."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो तिच्याकडे असा बघत राहिला, जणू ती कुणी ओळखीची नव्हती. "तुला दिसत होतं," तो म्हणाला. "अडीच महिने. आणि तू मला..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

डॉक्टर तरुण होत्या आणि दमलेल्या. जंतुसंसर्ग रक्तात गेलाय, त्या म्हणाल्या. कल्याणीनं विचारलं, "तो बुधवार चुकला नसता तर?"

"आजार मुळातच खूप पुढे गेलेला होता. फरक पडला असता की नाही, ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

कल्याणीला आकडा हवा होता. दहा टक्के, नव्वद टक्के, काहीही. तो कुणाकडे नव्हता.

*

महानंदा खाटेवर एवढीशी दिसत होती. डोक्याला रुमाल बांधलेला होता, कपाळावर विभूतीची पुसट रेघ होती. वैरागला चाळीस वर्षं शिवणक्लास चालवलेले हात चादरीवर पडले होते.

"आलीस व्हय," ती म्हणाली. "प्रसादरावांनी सांगितलं?"

"हो."

"एवढा एक शब्द पाळवला नाही बाई त्यांना."

कल्याणी स्टुलावर बसली. बसमध्ये तिनं काय काय बोलायचं ते जुळवलं होतं. त्यातलं काही आलं नाही. "आई, परत तेच केलंस तू," ती म्हणाली आणि रडू लागली.

आईनं तिला रडू दिलं. "हो," ती म्हणाली. "तेच केलं. तुझ्या बाबांच्या वेळी चुकलं माझं. सहा वर्षं रोज सकाळी उठून म्हणते, चुकलं."

"मग आता का?"

"आता मी बोलावलं असतं तर तू आली असतीस की. पण मी मरतीय म्हणून आली असतीस. मला ते नको होतं." तिला धाप लागली. ती थांबली, मग पुन्हा बोलली. "मला वाटलं, बारा सलाईनी होतील, मी बरी होईन. मग माझी मी येईन तुझ्या दारात. जांभळी साडी काढून ठेवली होती त्यासाठी."

त्यानंतर कल्याणी नऊ दिवस तिथेच राहिली. तिनं आईचे पाय दाबले, चमच्यानं ताक पाजलं. सहा वर्षांचं एकदम बोलता येत नाही, म्हणून त्या भलतंच काहीतरी बोलत राहिल्या. शिवणक्लासातल्या कुठल्या मुलीनं दुकान टाकलं, विहिरीचं पाणी कसं मचूळ झालंय, ओवीचा डावा कान आजोबांसारखा कसा आहे. "हो, बघितलाय मी," आई म्हणाली, आणि मग जीभ चावली.

तिसऱ्या दिवशी दुपारी कल्याणीनं सांगून टाकलं. "आई, गाडीचं पेट्रोल मी बंद केलं होतं. मला वाटलं प्रसाद दुसऱ्या कुणाला तरी घेऊन फिरतोय."

महानंदा तिच्याकडे बघत राहिली. मग तिचं पोट हलायला लागलं. ती हसत होती. "मला?" ती म्हणाली. "चौसष्ट वर्षांच्या टकलीला?" हसताना तिला दुखत होतं, तरी ती हसत होती, आणि कल्याणीही रडता रडता हसली, आणि शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघू लागली.

हसणं ओसरल्यावर आईनं तिचा हात धरला. "एसटीत मला बसायला मिळालं होतं," ती म्हणाली. "चढल्या चढल्या. खिडकीची जागा. वारं छान लागत होतं."

ती उभ्यानं गेली होती, हे कल्याणीला माहीत होतं. आईच्या हाताची हाडं तिच्या बोटांना लागत होती.

"बरं झालं," ती म्हणाली.

नवव्या दिवशी सकाळी साडेसातला, कल्याणी तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत असताना, महानंदा गेली. फडकं गालावरच होतं. कल्याणीनं दुसरा गालही पुसला, मग परिचारिकेला हाक मारली.

माती वैरागला झाली, वडिलांच्या शेजारी. आईला जांभळी साडी नेसवून, कपाळभर विभूती लावून रिवाजाप्रमाणे खड्ड्यात बसवलं. शिवणक्लासातल्या तीसेक बाया आल्या होत्या. या वेळी कल्याणी हजर होती. तिनं पहिली मूठ टाकली, आणि दुसरी टाकायला वाकली ती तिथेच बसली. बायांनी तिला उठवलं.

*

सोलापूरला परत आल्यावर चौथ्या दिवशी प्रसादनं बॅग भरली. तो अक्कलकोटला भावाकडे जाणार होता. किती दिवस, ते त्यालाही माहीत नव्हतं.

"मला राग नाही आलेला," तो म्हणाला. "राग असता तर बरं झालं असतं. पण तू समोर आलीस की मला त्या एसटीत उभ्या असलेल्या दिसतात."

"आणि मला तू समोर आलास की ते अडीच महिने दिसतात," ती म्हणाली. "रोज माझ्याशेजारी जेवायला बसत होतास तू."

"हो."

तिनं त्याच्या डब्यात चटणी-भाकरी बांधून दिली. त्यानं ती घेतली. ओवीला उराशी धरून तो बराच वेळ उभा राहिला, मग बॅग उचलून पायीच स्टँडकडे गेला. कोपऱ्यावर वळताना त्यानं मागे बघितलं नाही. कदाचित बघवलं नसेल.

उन्हं कलली होती. कल्याणी पायरीवर बसली, आणि ओवी येऊन तिच्या शेजारी बसली. बराच वेळ ती गुडघ्यावरच्या खपलीशी खेळत होती.

"आई, वैरागची आजी आजारी होती?"

कल्याणीला 'तू जा, खेळ' असं म्हणता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "खूप आजारी होती. आणि मला ते माहीत नव्हतं."

"बाबांना माहीत होतं?"

"होतं."

ओवीनं मान आणखी खाली घातली. "मला पण माहीत होतं," ती अगदी हळू म्हणाली. "तिचे केस गळले होते. मी विचारलं तर ती म्हणाली, बरी झाले की येतील. बाबा म्हणाले, आईला सांगायचं नाही. म्हणून मी नाही सांगितलं." तिचा ओठ थरथरायला लागला. "मी सांगितलं असतं तर ती मेली नसती का?"

कल्याणीनं तिला ओढून मांडीवर घेतलं. सहा वर्षांची पोर आता मांडीत मावत नव्हती, पाय खाली लोंबत होते. "नाही गं बाळा. तुझं काही चुकलं नाही. मोठ्यांनी तुला तसं सांगायलाच नको होतं. कुणीच, कुणालाच."

ओवी हुंदके देत राहिली. मग नाक फ्रॉकला पुसून तिनं वर बघितलं.

"आता सांगितलं तर चालतं?"

"चालतं," कल्याणी म्हणाली. "सगळं सांग."

ओवीनं आधी रस्त्याकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. "तिच्याकडं पायानं चालवायची मशीन आहे," ती म्हणाली. "तिनं मला मांडीवर बसवलं आणि पाय मला चालवायला दिले. कापड ती धरत होती. मी लई जोरात चालवलं तर ती ओरडली, अगं हळू, बोटं शिवशील माझी! मग आम्ही एक पिशवी शिवली. पिवळी. तिचा बंद वाकडा झाला. ती म्हणाली, असू दे, तुझ्या आईची पहिली पिशवी पण वाकडीच होती. मग तिनं शेंगदाण्याचा लाडू दिला, तो कडक होता, मी अर्धा खाल्ला. अर्धा तिनं खाल्ला. मग ती म्हणाली..."

ओवी आठवायला थांबली. कल्याणी थांबली.